पांढऱ्या वाळ्यांची पिल्लं

न्यांकपाला, २१ मे

सनातूताई,

फोन करू नकोस म्हणालीस, म्हणून करत नाही. पत्र लिहू नकोस असं मात्र तू म्हणाली नव्हतीस. मी नीट आठवून पाहिलं. तुझे शब्द होते, "आजपासून तुझा आवाज माझ्या कानावर पडता कामा नये." पत्राला आवाज नसतो.

हे पत्र तुला नेइंदोभाऊ आणून देतील. तामाले-कुमासी बस चालवतात ते. उंच आहेत, दाढी अर्धी पिकलेली, आणि बडबडे इतके की पुढच्या सीटवर बसायला लोक घाबरतात. त्यांना दारातून हाकलू नकोस. ते फक्त पत्र आणतात, माझी बाजू घ्यायला येत नाहीत.

ताई, विमा कंपनीतली ती नोकरी मिळावी म्हणून तू त्या मोठ्या बाईंचे किती झगे शिवून दिलेस, हे मला माहीत आहे. पंखा होता, टेबल होतं, टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. तरी मी राजीनामा दिला आणि कोंबड्यांच्या आहारावर संशोधन करायला इथे आले. तू म्हणालीस, "कोंबड्यांना दाणे टाकायला कुणी दोन वर्षं शिकतं का? आपली आजी न शिकता टाकायची."

टाकायची. पण आजीची पिल्लं किती वाचायची, ते आठव ना. पाऊस लागला की गिनी कोंबडी आपला घोळका घेऊन ओल्या गवतातून हिंडायला निघायची. संध्याकाळी परतताना मागे दोन-तीन उरलेली. बाकीची देवानं नेली, असं आजी म्हणायची. देवाला एवढ्या पिल्लांचं काय करायचं असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. पाहुणा आला की गिनी कोंबडी, सोयरीक जुळवायची की गिनी कोंबडी, आजाऱ्याला रस्सा द्यायचा तरी गिनी कोंबडी. आणि तिची पिल्लं मात्र ढिगानं मरतात. ती का मरतात आणि काय खायला घातलं तर जगतील, एवढंच मला शोधायचं आहे.

शेजारच्या गावात लारिबा म्हणून एक मगाझिया आहे, गावातल्या सगळ्या बायकांची पुढारी. त्या बायकांकडून तिनं गोळा केलेली अंडी मी आणली. प्रत्येक अंडं हातात देताना ती म्हणायची, "पोरी, हे परत दे हं. चालतंबोलतं करून दे." आता ती अंडी उबवणीच्या यंत्रात आहेत. मी दिवसातून कितीतरी वेळा जाऊन काचेतून बघते. त्यानं काही लवकर फुटत नाहीत.

जेवते. झोपते. बारीक झालेले नाही.

पिनी

न्यांकपाला, १७ जून

ताई,

नेइंदोभाऊंनी मला सगळं सांगितलं. तू पत्र हातात घेतलंस, उघडलं नाहीस, मशीनच्या खाली ठेवलंस आणि शिवणकाम चालू ठेवलंस. ते निघाले तेव्हा मागून विचारलंस, "ती जेवते का?" ते हो म्हणाले. मग तू म्हणालीस, "मी विचारलं हे तिला सांगायचं नाही."

त्यांच्या पोटात काही राहत नाही, ताई. तो माणूस चुकीचा निवडलास.

बातमी अशी की, पिल्लं निघाली! पहिल्यानं चोच बाहेर काढली तेव्हा मी जेवत होते. मक्याच्या पिठाच्या तुओ झाफीचा गोळा हातात तसाच धरून पळाले. तपकिरी पट्ट्यांची, लाल चोचींची, अक्रोडाएवढी. उभी राहतात, पडतात, उभी राहतात, आणि दुसऱ्याच्या अंगावर पडतात. तू इथे असतीस तर नाक मुरडून म्हणाली असतीस, "ही? ही तुझी नोकरी?" हो. हीच.

सगळ्यांच्या पायात मी रंगीत वाळे घातलेत. लाल वाळ्यांना मासळीच्या कुटीचं महागडं खाद्य. निळ्या वाळ्यांना त्या मासळीच्या जागी अळ्या. तोंड वाकडं करू नकोस. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, मी त्या स्वतः वाढवते. पितोची दारू गाळून उरलेल्या ज्वारीच्या चोथ्यावर त्या लठ्ठ होतात. आजी वारुळातल्या वाळव्या पिल्लांना टाकायचीच ना, त्यातलाच प्रकार. आणि पांढऱ्या वाळ्यांना नुसते दाणे आणि कोंडा, गावात सगळेच घालतात तसे. तिन्ही गटांची तुलना करायची.

माझे मार्गदर्शक डॉ. तांपुरी. बूट कायम चकचकीत, आणि बोलतात इतकं हळू की ऐकायला आपणच वाकतो. पिल्लं बघून म्हणाले, "बरी आहेत." इथले जुने विद्यार्थी सांगतात, त्यांच्या तोंडून "बरी आहेत" म्हणजे दुसऱ्या कुणी केलेला जल्लोष.

पिल्लं सगळी मजेत आहेत.

पिनी

न्यांकपाला, ५ जुलै

ताई,

शितोची बरणी पोचली. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसती काळी झणझणीत शितो, तुझ्या हातची मिरचीची चटणी, झाकणावर तुझ्या मशीनचा दोरा घट्ट गुंडाळलेला. नेइंदोभाऊ म्हणाले, "तुझी बहीण म्हणाली, चुकून जास्त झाली होती म्हणून दिली." चुकून जास्त झालेल्या शितोत कुणी एवढी सुकी कोळंबी घालत नाही. बरणी खोलीतल्या मुलींपासून लपवून ठेवली आहे. तरी वासानं सगळ्या येतात.

मागच्या पत्रात "सगळी मजेत" असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. मी तुला "मी म्हणत नव्हते?" असं म्हणायची संधी देणार नव्हते. आता देते, कारण गोष्ट मिटली आहे.

पांढऱ्या वाळ्यांची पिल्लं वाढत नव्हती. लाल आणि निळी दणादण उड्या मारत होती, एकमेकांच्या चोचीतून घास पळवत होती, आणि ही कोपऱ्यात गोळा होऊन उभी. पंख खाली सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. रोज सकाळी एखादं आडवं सापडायचं. मी ते उचलायचे, वजन करायचे, नोंद करायचे. ताई, संशोधनात असंच करतात. तेच मी शिकायला आले होते. पण एका सकाळी पांढऱ्या वाळ्याचं एक पिल्लू माझ्या हातावर बसलं आणि उतरेचना. हात ऊबदार होता एवढंच त्याचं कारण असेल. मी तशीच, ते हातावर घेऊन, डॉक्टरांच्या खोलीत गेले.

म्हटलं, "सर, पांढरा गट थांबवायचा आहे."

ते म्हणाले, "थांबवला तर तुलना कशाशी करणार?"

"जेवढं बघायचं होतं तेवढं बघून झालं. दाण्यांवर ती जगत नाहीत. हे कळण्यासाठी शेवटचं पिल्लू मरेपर्यंत थांबायला हवं का?"

"तुझा प्रबंध अर्धा राहील. अंडी आता पुढच्या पावसाळ्यातच मिळतील. वर्ष गेलं म्हणून समज."

"समजते."

"पिल्लू खाली ठेव आणि मग बोल."

"ते उतरत नाही, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "विचार करतो," एवढंच म्हणाले. पुढचे दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मी मनात तुला तोंड कसं दाखवायचं याची तयारी करत होते. विमा कंपनी मला परत घेईल का, तेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खुराड्यात गेले तर डॉक्टर तिथे आधीच हजर. चकचकीत बूट भुशात रुतलेले. हातात एक पांढऱ्या वाळ्याचं पिल्लू, त्याची मान त्यांच्या अंगठ्यावर टेकलेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यांनाही अळ्या घाल. आणि आजपासून रोज वजन कर. उपाशी पिल्लू उशिरा खाऊ घातल्यावर सावरतं की नाही, हे आपल्याकडे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. गावातल्या बाईला पहिल्या दिवसापासून महाग खाद्य कुठून परवडणार? उशिरा का होईना, थोड्या अळ्या घातल्या तर काय होतं, ते तिला सांगता येईल." आणि मग एकदम हळू, मला वाकून ऐकावं लागलं असं, "मलाही बघवत नव्हतं."

ताई, काल पांढऱ्यातल्या एकानं निळ्याच्या चोचीतली अळी पळवली! पळवून पळालं, आपटलं, उठलं आणि गिळली. मी टाळ्या वाजवल्या.

शितो संपत आली आहे. नुसतं सांगितलं.

पिनी

न्यांकपाला, २१ जुलै

ताई,

हे पत्र लगेच उघड. मशीनखाली ठेवू नकोस. नेइंदोभाऊंना सांगितलं आहे, तू उघडेपर्यंत दुकानातून हलायचं नाही.

मुंग्या आल्या. काळ्या, फौजेसारख्या रांगेनं येतात त्या. अळ्यांच्या सगळ्या परातींत शिरल्या आणि दुपारपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. पांढऱ्या वाळ्यांनाही द्यायला लागल्यापासून अळ्या आधीच जेमतेम पुरत होत्या, साठा असा नव्हताच. पिल्लांचं खाद्य फार तर या आठवड्याच्या शेवटापर्यंत पुरेल. मधेच बदललं, तर निळी गेली, पांढरी गेली आणि माझा पावसाळाही गेला.

कुमासीजवळ एजिसूच्या रस्त्यावर एक बाई या अळ्या पाळतात. त्या द्यायला तयार आहेत, पण सकाळी कुणीतरी तिथे जाऊन, नीट बघून घेऊन, ऊन चढायच्या आत बसस्थानकावर आणायला हव्यात. उन्हात बंद डब्यात त्या शिजून मरतात. नेइंदोभाऊंना गाडी सोडून जाता येत नाही. डॉक्टर परगावी आहेत. कुमासीत माझं म्हणावं असं एकच माणूस आहे.

तुला किळस येते, हे मला माहीत आहे. लहानपणी तांदळातला किडा बघून तू पातेलं टाकून पळाली होतीस. तरी विचारते. जमलं तर शुक्रवारी. नाही जमलं तर राग नाही, खरंच नाही.

पिनी

न्यांकपाला, २ ऑगस्ट

ताई,

आता आपले फोन सुरू झाले आहेत, तरी पत्र लिहिते. फोनवर तूच बोलतेस.

शुक्रवारी मी तामालेच्या स्थानकावर उभी होते. तुझं उत्तर आलंच नव्हतं. मनाशी म्हणत होते, बादली आली तर बरं, नाही आली तर रडायचं नाही, लोक बघतात. बस थांबली. नेइंदोभाऊ उतरले आणि माझ्याकडे बघून नुसते हसत राहिले. मला वाटलं, विसरले बहुतेक. तेवढ्यात दारातून आधी एक पिवळी बादली बाहेर आली, तिच्यावर ओला फडका, आणि बादलीच्या मागे तू. डोक्याचा रुमाल एका बाजूला घसरलेला, चेहरा असा की स्थानकातला हमालसुद्धा बाजूला झाला. आणि इतक्या महिन्यांनी तुझं पहिलं वाक्य काय, तर "धर. आणि हात धुवायला पाणी कुठे आहे?"

मी बादली धरली, आणि मग बादलीसकट तुलाच मिठी मारली. तू ओरडलीस, "सांडेल, मूर्ख मुली, सांडेल!" पण मागे सरली नाहीस. माझ्या लक्षात आलं ते.

वाटेत काही झालं नाही, असं तू मला सांगितलंस. नेइंदोभाऊंनी मला झालेलं सगळं सांगितलं. किंटांपोच्या पुढे तो औषधवाला बसमध्ये उभा राहून भाषण करत होता म्हणे, पोटातल्या जंतांवर, आणि तोल जाऊन तुझ्या बादलीवर पडला. अळ्या जमिनीवर! टोमॅटोवाली बाई सीटवर उभी राहिली. एक म्हातारे पाय वर घेऊन देवाचं नाव घ्यायला लागले. औषधवाल्यानं तेवढ्यात संधी साधली: "बघा, बघा, माणसाच्या पोटात असेच असतात, बाटली घ्या!" लोक ओरडू लागले, फेकून द्या, गाडी थांबवा. आणि तू उठून उभी राहिलीस.

तू काय बोललीस ते नेइंदोभाऊंनी मला तुझ्या आवाजात करून दाखवलं, कंबरेवर हात ठेवून: "खबरदार! कुणी पाय हलवाल तर! हे किडे नाहीत, हे माझ्या बहिणीचं शिक्षण आहे. माझी बहीण विद्यापीठात संशोधन करते. तुमच्या घरच्या कोंबड्या मरतात ना? मरतात की नाही? मग ती त्याच्यावरच काम करते आहे. चला, उचला!"

आणि लोकांनी उचलल्या, ताई. नेइंदोभाऊंनी बस कडेला घेतली. टोमॅटोवालीनं आपलं टोपलं झटकलं, म्हाताऱ्यांनी खाली बसून एकेक अळी टोपीत गोळा केली, औषधवाल्याला तर तू सीटखाली शिरायला लावलंस. नेइंदोभाऊ म्हणाले, "इतकी वर्षं बस चालवतो, पण असं माणूस माझ्या गाडीत बसलं नव्हतं." नंतर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मला वाटलं, आजारी आहेत की काय.

तू दोन दिवस राहिलीस, खोलीतल्या मुलींना शिस्त लावलीस, माझ्या परातींना जाळीच्या झाकणवाल्या खोळी शिवून दिल्यास. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांना सांगितलंस, "हिला जरा मोठ्यानं सांगत जा, नाहीतर ही वाकून वाकून कुबडी होईल." ते चक्क मोठ्यानं हसले. इथे कुणी ते ऐकलं नव्हतं. आणि जायच्या दिवशी सकाळी मी खुराड्यात आले तर तू खाली भुशात बसलेली, पाठमोरी. पांढऱ्या वाळ्याचं एक तुझ्या मांडीवर. तू त्याला म्हणत होतीस, "खा रे, खा. लाजतोस काय? ती बघ निळी कशी हादडतायत." मी आल्यापावली मागे फिरले. तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

पिनी

न्यांकपाला, १६ सप्टेंबर

ताई,

या पत्रात पिल्लांचं थोडंच आहे. तेवढं आधी उरकते. पांढऱ्यांनी निळ्यांना जवळजवळ गाठलं आहे. अजून जरा हलकी आहेत, पण पिसं भरली, पाय मजबूत झाले, आणि भांडणं तर त्यांचीच जास्त. डॉक्टर म्हणाले, "हेच आता तुझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण." म्हणजे जो गट मोडल्यामुळे माझं वर्ष जाणार होतं, त्याच गटावर सगळं उभं आहे.

आता खरी गोष्ट. बसून वाच.

रविवारी नेइंदोभाऊ माझ्याकडे आले. पत्र न्यायला नाही. अंगावर पट्ट्यांचा नवा अंगरखा, तुझ्याच हातचा, शिवण मी लांबून ओळखली. एका हातात कोलाच्या बियांची पुडी, दुसऱ्या हातात पाय बांधलेल्या दोन गिनी कोंबड्या. मला वाटलं आजारी पक्षी दाखवायला आणलेत. मी लगेच एक हातात घेतला, छाती चाचपली, पंखाखाली उवा बघितल्या आणि म्हटलं, "भाऊ, असे उलटे लटकवून आणू नका हो, त्यांचा जीव घाबरतो."

"बरं," ते म्हणाले. आणि उभेच.

"विकत घेतलेत?"

"बाजारातून. जोडी आहे. नर आणि मादी."

तेवढ्यात दोन्ही पक्षी ओरडले. मी ऐकलं आणि मला हसू आवरेना. "भाऊ, तुम्हाला फसवलं. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच. हे दोन्ही नर आहेत. यांचा संसार होणार नाही."

ते बिचारे घामाघूम. कोला माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, खाली वाकून, आणि म्हणाले, "यांचा नाही तर नाही. माझा होईल का, ते सांग. येंदीला तुमच्या काकांकडे माणसं पाठवायचीच आहेत, रीतीनं सगळं करणार आहे. पण काकांच्या आधी तुला विचारावंसं वाटलं. तिचं घर म्हणजे तू."

ताई, मी हातातली गिनी कोंबडी खाली ठेवली आणि कोला दोन्ही हातांनी धरला.

मग विचारलं, "तिच्यात काय पाहिलंत? ती रागावते फार."

"तेच," ते म्हणाले. "माझी बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी रागावलंच नाही. मुलं मोठी झाली, फोनवर 'बरं आहे ना' विचारतात आणि ठेवून देतात. तुझ्या बहिणीनं पहिल्याच दिवशी मला सुनावलं, चपला दारात काढा म्हणून. दिवसभर बस चालवताना मला बरं वाटत होतं."

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. कोला मात्र ठेवून घेतला आहे, आणि मागणीचा कोला ठेवून घेणं म्हणजे अर्धा होकार, हे तुला मी सांगायला नको. तुला वाटलं तर परत करते. पण आधी एकच सांग: गेल्या दोन महिन्यांत त्या माणसानं तुझ्याकडे इतके कपडे शिवायला टाकले, त्याच्याकडे एवढे कपडे घालायला दिवस तरी आहेत का? आणि तू एकदाही विचारलं नाहीस?

मला वाटतं, तू विचारलंस. मला सांगितलं नाहीस.

पिनी

न्यांकपाला, २५ ऑक्टोबर

ताई,

काकांचा फोन आला होता. हसून हसून त्यांना ठसका लागला होता. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "त्या माणसाला सांगा, लग्नानंतर मी कुमासीचं दुकान बंद करणार नाही, आणि त्यानं जेवताना बोलायचं नाही." काकांनी विचारलं, मग हो समजू का? तर तू म्हणालीस, "मी अटी घातल्या, त्या 'नाही'ला घालतात का?" आता नेइंदोभाऊ जेवताना गप्प बसायचा सराव करतात. काल माझ्यासमोर मक्याच्या पिठाची केंकी आणि मासे खाल्ले, एक शब्द नाही, फक्त डोळे बाहेर आले होते.

लग्नाला मी बुधवारीच येंदीला पोचते. पण त्याआधी कालचं सांगायलाच हवं, कारण तू हसशील.

काल शेवटचं वजन होतं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं होतं की शेवटचा महिनाभर पक्षी गावातच राहू द्यावेत, जिथे त्यांना पुढे राहायचं आहे तिथेच. म्हणून ते लारिबा मगाझियाच्या अंगणात होते. त्यांचे पंख कापायला मी नकार दिला होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, "मग पकडणार कसे?" मी म्हटलं होतं, "माझ्या हातून खातात, सर. येतील."

आम्ही सकाळी वजनकाटा घेऊन पोचलो. सगळ्या गावच्या बायका अंगणात जमलेल्या, नवे कपडे घालून, कारण वजन झालं की पक्षी वाटायचे होते. अंडी जिची जिची होती तिला तिला. डॉक्टरांनी या प्रसंगासाठी बूट दोनदा पुसले असावेत. मी दाणे हातात घेऊन हाक मारली. सगळे आले, लाल, निळे, पांढरे, माझ्या पायांभोवती ठिपक्यांचा नुसता लोट. अर्ध्यांची वजनं छान झाली. आणि मग शेजारच्या घरातून एक बाई उशिरा आली, तिनं एवढे पक्षी बघितले आणि आनंदानं लांबलचक किलकारी फोडली.

झालं. सगळे उडाले. ताई, आपण त्यांना कोंबड्या म्हणतो, पण त्या उडतात गं. एकदम, एका दणक्यात. छपरावर, भिंतीवर, आणि बरेचसे थेट कडुनिंबाच्या शेंड्यावर. आणि तिथून सगळ्यांनी मिळून असा कल्ला सुरू केला की मशिदीतले इमाम बाहेर आले.

मग काय विचारतेस. डॉ. तांपुरी छपराला शिडी लावून वर, बूट खाली काढून ठेवलेले. बायका खालून सूचना देतायत, "डावीकडे, डॉक्टर, डावीकडे! त्याला नको, तो खोडकर आहे!" मगाझिया जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. डॉक्टर चक्क ओरडत होते, ताई! "वुनपिनी, तो पांढरा! तो पांढरा माझ्याकडे वळव!" अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

छपरावरचे मिळाले. कडुनिंबावरचे उतरले नाहीत. मी खाली उभी राहून वर बघत होते. फांद्याफांद्यांवर ते बसलेले, ऊन लागून ठिपके चमकत होते, आणि पायांत पांढरे वाळे. जवळजवळ सगळे पांढरे वाळे. सर्वांत उंच फांदी त्यांनीच गाठली होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम. मगाझियानं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "चालतीबोलती दे म्हटलं होतं मी. तू तर उडती दिलीस."

आज प्रबंधाचा तक्ता भरला. शेवटच्या वजनाच्या रकान्यात काही जागा रिकाम्या आहेत, आणि रिकाम्या जागेचं कारण द्यावं लागतं. आजारी, मृत, हरवलेला, असं काहीतरी. मी खरं तेच लिहिलं: "झाडावर."

डॉक्टरांनी वाचलं. पुन्हा जुन्यासारखं हळू बोलले, मी वाकले. "परीक्षक खोडायला लावतील," म्हणाले. मग तक्ता माझ्याकडे सरकवत, "आपण नको खोडायला."

बुधवारी भेटू.

तुझी पिनी